१९८३ची पद्मिनी, महापुराचं पाणी आणि स्टेअरिंगचा चार बोटं प्ले (सांगली)

कृष्णाकाठ · रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज पहिला धागा काढतोय.

आमच्या घरी १९८३ची प्रीमियर पद्मिनी आहे. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नवी घेतलेली. बहिणीची पाठवणी, माझ्या मुलीला दवाखान्यातून घरी आणणं, आईची शेवटची खेप, सगळं या गाडीतून झालंय. घर गावभागात. ऑगस्ट २०१९च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट, म्हणजे काय झालं असेल ते सांगलीकरांना सांगायला नको. आम्ही माणसं आणि कागदपत्रं घेऊन विश्रामबागला मावशीकडे गेलो, गाडी अंगणातच राहिली. परत आलो तेव्हा बॉनेटवरचा गाळ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या.

इंजिन तेव्हाच उघडून केलं. वायरिंग नवं, सीट नव्या, ब्रेकचं सगळं रबर नवं. गाडी सुरू झाली या आनंदात स्टेअरिंग आणि सस्पेन्शनकडे कुणी बघितलंच नाही. मीही नाही, आणि ती चूक आता भोगतोय.

आजची अवस्था सांगतो. स्टेअरिंग चार बोटं रिकामं फिरतं (हाच प्ले), मग चाकं हलतात. रिंगवर खडूची खूण करून पट्टीनं मोजलं तर ७५ मिमी भरलं. पेठ नाक्याच्या रस्त्यावर ताशी ५५ला पोचलं की पुढची चाकं थरथरायला लागतात, ४०वर आणलं की थांबतात. गतिरोधकावर उजवीकडून खट्ट असा एकच आवाज येतो. उजव्या पुढच्या टायरची आतली कड गुळगुळीत झालीय. एका गॅरेजमध्ये दाखवली, त्यांनी स्टेअरिंग बॉक्सवरचा स्क्रू आवळून दिला. प्ले कमी झाला खरा, पण आता वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपणहून सरळ होत नाही, हातानं ओढून आणावं लागतं.

आबा ७८ वर्षांचे आहेत. ते एकच वाक्य म्हणाले, "गाडी हातात राहत नाही रे." त्यांना ती चालवत औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला न्यायचीय. काम नीट करायचंय, घाई नाही. सुरुवात कुठून करू?

लेथ_कुपवाड · रविवार, रात्री १०.२५

आधी उद्या सकाळी तो स्क्रू होता तिथं परत सैल करा. ही गोष्ट मी कळकळीनं सांगतोय, पुढचं सगळं नंतर.

कारण समजून घ्या. पद्मिनीच्या स्टेअरिंग बॉक्समध्ये वर्म (स्टेअरिंगबरोबर फिरणारा मळसूत्री दांडा) आणि त्याच्या आट्यांत बसणारा रोलर असतो. गाडी आयुष्यातला बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळं वर्म मधोमध झिजतो, दोन्ही टोकांना जवळजवळ नवा राहतो. मधला प्ले जावा म्हणून स्क्रू आवळला की मधे बरं वाटतं, पण वळणावर रोलर न झिजलेल्या भागात जातो आणि तिथं धरतो. स्टेअरिंग परत येत नाही ते त्यामुळंच. असंच चालवलंत तर चांगला राहिलेला भागही खाल्ला जाईल. शिवाय भर वळणात स्टेअरिंग धरलं तर काय होईल ते तुम्हीच बघा.

दुसरं. ७५ मिमी प्ले एका जागी कधीच नसतो. कॉलमचा वरचा बुश, बॉक्स, बॉक्सचे बोल्ट, ड्रॉप आर्म (बॉक्समधून निघणारा हात), सगळे टाय रॉड एंड (चाकं वळवणाऱ्या दांड्यांची टोकं), आयडलर (समोरच्या बाजूचा जोडीदार हात), किंगपिन (ज्या उभ्या पिनेभोवती चाक वळतं ती), चाकाचं बेअरिंग, या प्रत्येकात थोडाथोडा असतो आणि तुमच्या हाताला एकदम जाणवतो. म्हणून काही खोलायच्या आधी शोधा. गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकं टेकलेली, इंजिन बंद. एकानं स्टेअरिंग डावी-उजवीकडं चार चार बोटं हलवत राहायचं, जोरात नाही. दुसऱ्यानं खाली जाऊन एकेका जोडावर हात ठेवायचा. बोट असं ठेवा की अर्धं एका भागावर, अर्धं दुसऱ्यावर. डोळ्याला दिसत नाही तेवढं बोटाला कळतं.

कागदावर लिहून काढा, मग बोलू.

मिरजेचा_मी · सोमवार, सकाळी ७.१०

वाचतोय. आमच्या काकांचीही पद्मिनी आहे, दारात उभी. फोटो जरूर टाका.

यवतेश्वर_घाट · सोमवार, सकाळी ८.५०

कृष्णाकाठ, साताऱ्याहून लिहितोय. माझी ॲम्बेसेडर आहे, तिला रॅक-पिनियन (बॉक्सऐवजी दातेरी पट्टीचं स्टेअरिंग) आणि पुढं स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार, त्यामुळं बॉक्सबद्दल लेथकाका सांगतील ते प्रमाण. पण ५५ला सुरू होणारी थरथर मी यवतेश्वरच्या उतारावर दोन वर्षं सोसलीय, म्हणून किंगपिनची परीक्षा सांगतो.

पुढचं एक बाजूचं चाक उचला. नुसत्या जॅकवर नको, खाली घोडी (लोखंडी टेकू) द्या. चाक वर आणि खाली, घड्याळाच्या १२ आणि ६वर, दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर हलवा. हललं तर ते बेअरिंग असू शकतं किंवा किंगपिन. आता घरातल्या कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबला की ड्रम आणि स्टब ॲक्सल (चाक ज्यावर फिरतं तो आखूड दांडा) एक होतात, बेअरिंगचा प्ले त्यात लपतो. तरीही चाक हलतंय तर तो किंगपिनचा किंवा त्यामागच्या आर्मच्या बुशांचा प्ले. बुश हलताना डोळ्यांनी दिसतात, तेवढं पाहून घ्या.

हेच हातांनी ९ आणि ३वर धरून हलवलंत की टाय रॉड कळतात.

आणि एक सांगतो, पूर ओसरला म्हणून पाणी गेलं असं नसतं. रबरी बूट फाटका असेल तर गाळाचं पाणी आत शिरतं, ग्रीसमध्ये मिसळतं आणि तिथंच राहतं. पाणी सुकतं, बारीक माती राहते. पॉलिशच्या पेस्टसारखं काम करते ती. तुमच्या गाडीनं पाच-सहा वर्षं ती पेस्ट चोळलीय.

कृष्णाकाठ · बुधवार, रात्री ११.०५

काका, स्क्रू सैल केला. प्ले ७५वरून ८५ मिमी झाला. पण स्टेअरिंग परत यायला लागलं. नुसतं गल्लीच्या वळणावरून आणलं तरी फरक कळला.

मग मुलीला स्टेअरिंगवर बसवलं आणि मी खाली. ती अकरावीत आहे, "बाबा अजून हलवू का" असं अर्धा तास विचारत होती. टाय रॉडच्या टोकांना हात लावले, चारांपैकी दोन ठिकाणी बोटाखाली स्पष्ट कटकट लागली. आयडलरचा हात चक्क खाली-वर होतोय. इथवर अपेक्षित होतं.

मग बॉक्सवर हात ठेवला. अख्खा बॉक्स हलत होता! अंगासकट. बोल्ट सैल असतील म्हणून पाना लावला तर बोल्ट कडक. तारेच्या ब्रशनं घासत गेलो, वाळलेल्या गाळाचा पापुद्रा निघाला आणि खालच्या पत्र्यात बोल्टाच्या भोकापासून निघालेली तडा दिसली, साधारण करंगळीएवढी लांब. स्टेअरिंग फिरवलं की ती उघडायची, सोडलं की मिटायची. टॉर्चच्या उजेडात मी ते बघत बसलो होतो. याच गाडीनं मी गेल्या दिवाळीत सगळ्यांना कोल्हापूरला अंबाबाईला नेऊन आणलं होतं. हात गार पडले.

किंगपिन: ब्रेक दाबून डावं चाक हलत नाही म्हणण्याइतपत, उजवं चांगलंच हलतं. खट्ट आवाज तिथलाच असावा.

लेथ_कुपवाड · गुरुवार, सकाळी ६.४५

गाडी आता हलवू नका. औषधालासुद्धा नाही.

पद्मिनीला वेगळी चासी नाही, सगळा भार पत्र्याच्या अंगावरच. तिथली तडा म्हणजे हाड मोडल्यासारखं. वेल्डिंग करताना तडेच्या टोकाला आधी बारीक भोक पाडायचं म्हणजे ती पुढं पळत नाही, मग तडा भरायची आणि मागून जाड पत्र्याची पट्टी द्यायची. पट्टीचे कोपरे गोल ठेवा, टोकदार कोपऱ्यातून पुढची तडा सुरू होते. बॅटरीची वायर काढल्याशिवाय वेल्डिंग लावू देऊ नका. आणि बॉक्स बाहेर काढूनच करा, आतल्या तेलाला आणि सीलना झळ नको.

बॉक्स काढलाच आहे तर माझ्याकडं घेऊन या. उघडून बघू.

नवी_चाकं · गुरुवार, दुपारी १.३०

एवढा त्रास घेण्यापेक्षा एखाद्या नव्या हॅचबॅकचा रॅक आणि पॉवर स्टेअरिंग का बसवत नाही? आबांना हलकं पडेल. माझ्या ओळखीत एकानं असं करून घेतलंय, पार्ट कुठंही मिळतात.

लेथ_कुपवाड · गुरुवार, रात्री ९.१५

तुमचा हेतू चांगला आहे, पण मी हे करून देत नाही, दोघातिघांना नाही म्हटलंय.

घरातला झोपाळा डोळ्यांसमोर आणा. पाटाच्या चारही कड्या सारख्या लांबीच्या असल्या की पाट सपाट झुलतो. एक कडी आखूड लावा, प्रत्येक झोक्याला पाट तिरका होईल. चाकाचंही तसंच. चाक खड्ड्यात खाली-वर होतं ते सस्पेन्शनच्या आर्मच्या झोक्यानं, आणि टाय रॉडही त्याच्याबरोबर झुलतो. मूळ गाडीत टाय रॉडची लांबी आणि सांध्यांच्या जागा अशा ठेवलेल्या असतात की दोघांचे झोके जुळावेत. दुसऱ्या गाडीचा रॅक आणला की त्याचे सांधे त्याच्या गाडीच्या मापाचे. मग प्रत्येक खड्ड्याला चाक आपणहून थोडं वळतं, तुम्ही स्टेअरिंग घट्ट धरलं असलं तरी. आपल्या रस्त्यांवर तर दर पावलाला.

शिवाय असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये अडकतो, तो वेगळा प्रश्न.

पद्मिनीचं मूळ स्टेअरिंग नीट असेल तर जड नसतंच. गाडीच ९०० किलोच्या आसपासची. जड लागतं तेव्हा किंगपिन कोरडे असतात किंवा टायरमध्ये हवा नसते.

नवी_चाकं · गुरुवार, रात्री ९.५०

पटलं. झोपाळ्याचं उदाहरण लक्षात राहील. धन्यवाद काका.

कृष्णाकाठ · रविवार, रात्री १०.३०

आज कुपवाडला काकांकडे बॉक्स उघडला. झाकण काढल्यावर आत गिअर ऑइल दिसायला हवं होतं. होतं काय, तर चॉकलेटी रंगाचं, भरड दह्यासारखं घट्ट. कुणीतरी कधीतरी सील गळतंय म्हणून आत ग्रीस भरलेलं, त्यात पुराचं पाणी. काकांनी ते बोटावर घेऊन चोळलं आणि माझ्या बोटावर दिलं. दाताखाली रेती यावी तसं बोटाला कचकचत होतं. ग्रीस एकदा रोलरनं बाजूला ढकललं की परत वाहून येत नाही, म्हणून या बॉक्सला ९० नंबरचं पातळ तेलच लागतं, हे त्यांनी समजावलं.

रॉकेलनं धुऊन वर्म उजेडात धरला. मधोमध दोन जागी खवले उडालेले. टोकांना चकाकी. म्हणजे काकांनी गाडी न बघता पहिल्या रात्री लिहिलं होतं ते अक्षरशः समोर दिसलं.

वर्म आणि रोलर बदलणार. इथं मोठी अडचण, सामान. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी होत्या तोवर त्यांच्या जिवावर सुटे भाग बनत होते. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस रस्त्यावरून गेली, आणि तेव्हापासून जुना साठा संपत चाललाय. पुण्याला नाना पेठेत दोन दिवस फिरलो. वर्मचा जोड एका दुकानात मेणकागदात गुंडाळलेला, न वापरलेला मिळाला. दुकानदारानं वजन केल्यासारखा हातावर धरून मग दिला, त्यालाही सोडवत नव्हता.

टाय रॉड एंड आधी एकीकडून मागवले होते ते परत केले. ग्रीस निप्पल नाही, रबर नखानं दाबलं तर चीर गेली. त्यावर पुढची पाच वर्षं सोपवायची माझी हिंमत नव्हती.

यवतेश्वर_घाट · सोमवार, सकाळी ९.००

टाय रॉड एंड काढताना दोन गोष्टी. स्प्लिट पिन काढा, नट सैल करा पण पूर्ण काढू नका, दोन-तीन आट्यांवर राहू द्या. बोल्टच्या टोकावर हातोडा मारायचा नाही, आटे बसतात. ज्या डोळ्यात तो निमुळता दांडा अडकलाय त्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून धरा आणि समोरच्या बाजूनं दुसऱ्या हातोड्यानं एकच खणखणीत ठोका द्या. डोळा क्षणभर लंबगोल होतो आणि दांडा टपकन सुटतो. पहिल्यांदा सुटतो तेव्हा फार समाधान वाटतं.

दुसरं, जुना एंड किती आटे आत गेलाय ते मोजून लिहून ठेवा, नवा तितकाच आत घाला. अलाइनमेंटला (चाकांचे कोन जुळवायला) गाडी नेईपर्यंत निदान सरळ चालेल. एका टोकाला उलटे आटे असतात, विसरू नका. स्प्लिट पिन जुनी परत वापरायची नाही, चार रुपयांची वस्तू आहे.

आणि कॉइल स्प्रिंगला हात लावणार असाल तर हे वाचल्याशिवाय लावू नका. आर्म सोडायच्या आधी आर्मखाली जॅक देऊन भार घ्या. कंप्रेसर किंवा लांब आट्यांचे गज वापरून स्प्रिंग हळूहळू मोकळी करा, आणि स्प्रिंगच्या समोर उभं राहू नका, बाजूला राहा. दाबलेली स्प्रिंग निसटली तर माणूस जातो. आमच्या इथं एका पोराचा जबडा गेला, तेव्हापासून मी प्रत्येकाला हे सांगतो.

मिरजेचा_मी · सोमवार, दुपारी १२.१५

जबड्याचं वाचून काकांना आजच फोन केला. ते पुढच्या रविवारी स्वतःच स्प्रिंग काढणार होते. थांबवलंय.

कृष्णाकाठ · शनिवार, रात्री ११.५०

किंगपिनचा दिवस. हे सविस्तर लिहितो, कारण नेटवर मराठीत कुठं सापडलं नाही.

उजवी पिन निघता निघेना. डिझेल लावून रात्रभर ठेवली, सकाळी प्रेसखाली घेतली तेव्हा बंदुकीच्या गोळीसारखा आवाज होऊन सुटली. खालच्या बाजूला पिनेवर खळगा पडला होता, नख अडकेल एवढा. एकानं सुचवलं होतं की वेल्डिंगचा थर देऊन घासून घ्या. काकांनी साफ नकार दिला. पिन वरून कडक आणि आतून चिवट अशी तयार केलेली असते, वेल्डिंगच्या उष्णतेनं तो गुण जातो आणि पिन कधी मोडेल सांगता येत नाही. किट नवंच घेतलं, दोन्ही बाजूंचं. डावं बरं होतं तरी.

नवे बुश गनमेटलचे. बुशात ग्रीससाठी भोक असतं, ते स्टब ॲक्सलमधल्या निप्पलच्या भोकासमोरच यायला हवं. बुश दाबताना भोक दिसत नाही, म्हणून काकांनी बुशाच्या तोंडावर आणि स्टबवर पेन्सिलनं रेघ ओढली आणि रेघ रेघेला जुळवत बुश आत दाबला. बसल्यावर निप्पलमधून तार घालून बघितली, आरपार गेली. हे चुकलं तर तुम्ही आयुष्यभर ग्रीस मारत राहता आणि ते पोचतच नाही.

मग रीमर. बुश दाबल्यावर आतून किंचित आकसतो, पिन जात नाही, म्हणून आतून खरवडून मापाला आणायचा. काकांचा रीमर लांब आहे, त्याचा गुळगुळीत भाग खालच्या बुशात टेकतो आणि धार वरच्या बुशात कापते, म्हणजे दोन्ही बुश एका रेषेत राहतात. एकेक बुश वेगवेगळा केला तर पिन आत जाते पण तिरकी बसते आणि महिन्यात खाते. रीमर फक्त पुढंच फिरवायचा, मागं फिरवला की धार जाते. एक फेरी, बाहेर काढ, पुसून घे, पिन घालून बघ, धार केसभर वाढव, पुन्हा. भुगा असा पडत होता की वाटावं टेबलावर कुणी हळद सांडली. मार्केट यार्डात लहानपण गेलेल्या माणसाला तो रंग ओळखू येणारच.

अकराव्या वेळी पिनेला तेल लावून बुशाच्या तोंडाशी धरली. सोडली, पडली नाही. तळहातानं दाबली, एकसारखी आत गेली. काका म्हणाले, "झालं, आता हात लावू नको." आपल्या वजनानं पडली तर ढिली, ठोकावी लागली तर आवळ, हेच त्यांचं मापन. नंतर मायक्रोमीटर लावला, पण माझ्या समाधानासाठी.

खाली-वरचा मोकळेपणा शिमनं (पातळ चकतीनं) काढला, थ्रस्टची चकती नवी, लॉकची पाचर नवी. सस्पेन्शन आर्मचे रबरी बुशही याच वेळी बदलले. त्यांचे नट आत्ता नुसते टेकवून ठेवलेत, गाडी चाकांवर उभी करून भार आल्यावरच आवळायचे. चाक लोंबकळत असताना आवळले की रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

आज दिवसभरात फक्त एक बाजू झाली.

लेथ_कुपवाड · रविवार, सकाळी ७.२०

दुसरी बाजू आता तूच करणार आहेस, मी शेजारी उभा राहीन.

कृष्णाकाठ · तीन आठवड्यांनी, मंगळवार, रात्री १०.००

सगळं जोडलं. आकडे देतो, कारण मला ते फार मोलाचे वाटतात. स्क्रू सैल असताना प्ले ८५ मिमी होता. तडा भरून बॉक्स घट्ट बसवल्यावर ६०. टाय रॉड एंड आणि आयडलरचा बुश बदलल्यावर ३५. नवा वर्म, रोलर आणि त्यांची बेअरिंग जुळवल्यावर २०. किंगपिननं हा आकडा फारसा हलला नाही, पण थरथर गेली ती त्यांच्यामुळंच. ताशी ७०पर्यंत चाचणी घेतली, हात हलका ठेवला तरी गाडी सरळ. खट्ट आवाज नाही.

अलाइनमेंटला नेली. तिथल्या संगणकात या गाडीचा डेटाच नव्हता. आबांचं सर्व्हिस मॅन्युअल पुरात भिजून फुगलं होतं, पानं चिकटलेली, पण पुढच्या चाकांच्या मापांचं पान वाचता येत होतं. ते पान घेऊन गेलो आणि त्याप्रमाणे करून घेतलं.

आणि तरीही एक गोष्ट राहिलीय. गाडी सरळ जाते तेव्हा स्टेअरिंग डावीकडं थोडंसं झुकलेलं असतं. अलाइनमेंटवाला म्हणाला, स्टेअरिंग काढून एक दात फिरवून बसवा. मन तयार होत नाही. काय असेल?

यवतेश्वर_घाट · मंगळवार, रात्री १०.४०

स्टेअरिंग काढू नका. बॉक्स मधोमध असतानाच चाकं सरळ हवीत, तुम्ही वर फिरवलंत तर बॉक्स कायम एका अंगाला राहील.

टेप घ्या. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मोजा, दोन्ही बाजूंनी, चाकं सरळ ठेवून. पद्मिनीला २३४० मिमी यायला हवेत. दोन्हीकडं सारखे आले तर मी चुकलो.

कृष्णाकाठ · बुधवार, सकाळी ७.३०

उजवीकडं २३४०. डावीकडं २३५२. दोनदा मोजलं, मग मुलीकडून मोजून घेतलं. १२ मिमीचा फरक आहे.

यवतेश्वर_घाट · बुधवार, सकाळी ७.४५

मागचा डावा पाटा (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग). सेंटर बोल्ट तुटलाय. पाट्यांना एकत्र धरणारा तो बोल्ट, त्याचं डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसतं आणि ॲक्सलला जागेवर ठेवतं. पुराचं पाणी पाट्यांच्या फटीत राहून तो गंजला असणार. बोल्ट गेला की ॲक्सल फक्त यू-बोल्टच्या पकडीवर राहतं आणि ब्रेक मारमारून हळूहळू सरकतं. मागचं ॲक्सल तिरकं म्हणजे गाडी खेकड्यासारखी चालते, आणि सरळ जाण्यासाठी तुम्ही नकळत स्टेअरिंग वळवून धरता. पुढचं कितीही जुळवा, हे जाणार नाही.

कृष्णाकाठ · शनिवार, संध्याकाळी ६.२०

अगदी तेच. यू-बोल्ट काढल्यावर सेंटर बोल्टचं डोकं तळहातावर पडलं, तुटलेली जागा आतपर्यंत काळी, म्हणजे कालपरवाची नाही. दोन्ही पाटे उतरवले, गंज काढून कमान परत करून घेतली, बोल्ट, यू-बोल्ट, शॅकलचे बुश नवे. आता दोन्हीकडं २३४०. अलाइनमेंट पुन्हा केलं. स्टेअरिंग सरळ.

साताऱ्यात बसून नुसत्या टेपनं तुम्ही हे ओळखलंत, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

नवी_चाकं · शनिवार, संध्याकाळी ७.०५

अख्खा धागा वाचला. आता माझ्या मित्राच्या गाडीचं अंतर मोजायला चाललोय.

कृष्णाकाठ · पुढच्या गुरुवारी, रात्री ९.००

आज औदुंबरला जाऊन आलो. आबांनी जाताना चालवली, येताना मी. जाताना ऊसवाहतुकीच्या ट्रॉल्या, अरुंद रस्ता, दोनदा गाडी मातीत उतरवावी लागली. आबांनी उतरवली आणि परत वर घेतली, स्टेअरिंगवर हात बदलला नाही. मी मागच्या सीटवरून त्यांचे हातच बघत होतो. भिलवडीच्या पुढं त्यांनी एकदा विचारलं, "बॉक्स नवा टाकलास का?" मी म्हटलं, आतलं नवं, अंग जुनंच. त्यावर ते काही बोलले नाहीत, फक्त वेग थोडा वाढवला.

मिरजेचा_मी · गुरुवार, रात्री ९.३०

वाचून डोळ्यांत पाणी आलं. काकांच्या गाडीचं काम आता मनावर घेतो. एक विचारायचं होतं, किंगपिनला ग्रीस किती दिवसांनी मारायचं? आणि आमच्या गाडीला निप्पलमधून ग्रीस आतच जात नाही, बाहेरच येतं.

लेथ_कुपवाड · शुक्रवार, सकाळी ६.५०

तुमच्या मॅन्युअलमध्ये किलोमीटर दिलेले असतील ते पाळा, पण पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा हे किलोमीटर न मोजता करा. साचलेल्या पाण्यातून गाडी गेली तर त्याच आठवड्यात. निप्पल आधी फडक्यानं पुसा, नाहीतर बाहेरची माती तुम्हीच आत ढकलता.

ग्रीस आत जात नाही कारण तुम्ही गाडी जमिनीवर असताना मारताय. भार असताना थ्रस्टच्या चकत्या दाबून बसलेल्या असतात, फट मिळत नाही. चाक उचला, घोडी द्या, मग मारा आणि मारताना चाक डावी-उजवीकडं फिरवत राहा. वरून आणि खालून, दोन्हीकडून जुनं काळं ग्रीस निघून नवं स्वच्छ दिसेपर्यंत. तरीही गेलं नाही तर निप्पल काढून तार घाला. तार अडली तर बुशाचं भोक चुकलंय, मग गाडी घेऊन कुपवाडला या.